संगणकाचा पत्ता

धर्माबादच्या पत्रावर ४३१८०९ हा पिन घालतात. पत्ता नीट असला, की पत्र नेमके पोचते. संगणकालाही असाच पत्ता लागतो.

तो आकड्यांचा असतो. जसे, १९२.१६८.१.५. एका खोलीतल्या दोन संगणकांना एकच पत्ता दिला, तर निरोप अडतो.

गावाबाहेर वेशीतून जातात. तसा निरोप राऊटर नावाच्या पेटीतून बाहेर जातो. त्या पेटीचा पत्ताही संगणकात बरोबर हवा.

हाताने आकडे घालताना एखादा चुकतो. म्हणून ‘पत्ता आपोआप घ्या’ अशी खूण करावी. मग राऊटरच मोकळा पत्ता देतो.

पीकविम्याचा अर्ज भरायला गेलात. शेजारचा संगणक चालतो, आपलाच अडला. तसेच परत फिरू नका. विचारा, “भाऊ, पत्ता तपासला का?” विचारायला लाज कसली!