एका स्टारवर दुकान चालवताय?

मित्रांनो, ऐन दिवाळीच्या तोंडावर माझा एकमेव हुशार सेल्समन सोडून गेला. बाकीच्यांना मी कधी शिकवलंच नव्हतं! (चूक माझीच.)

म्हणून आज ज्यो व्हिजिल सर. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या अलामोसा गावच्या ॲडम्स स्टेट कॉलेजचे धावण्याचे माजी कोच. क्रॉस-कंट्रीत टीमच्या पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते. सर्वात कमी बेरीज असेल ती टीम जिंकते. पाचवा मागे पडला की पहिल्याचा पहिला नंबरही टीमला वाचवत नाही. १९९२ च्या डिव्हिजन टू राष्ट्रीय स्पर्धेत सरांची पोरं १, २, ३, ४, ५ आली. बेरीज १५, याहून कमी होतच नाही!

स्टारही घडवले बरं का: दीना कॅस्टर, २००४ अथेन्स ऑलिंपिक मॅरेथॉनचं ब्राँझ.

माझ्याकडे पाचवा म्हणजे गोडाऊनमधला पोरगा. सोमवारपासून तो बिलिंग शिकतोय. तुमचा पाचवा कोण? कमेंटमध्ये सांगा.