बाखची ध्वनिमुद्रिका ऐकताना

मिरजेस तंबोरे घडतात हे आपल्या सांगली-साताऱ्याकडील मुलांस ठाऊकच आहे. आणि गवयामागे बसून तो छेडणाऱ्याकडे सभेचे लक्ष क्वचितच जाते, हेही. जुन्या पाश्चात्य वाद्यवृंदात अशीच मागची जागा हार्प्सिकॉर्डची असे. पट्टी दाबताच तार छेडणारी ही पेटी साथीपुरतीच.

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याने १७२१ साली ब्रँडेनबर्गच्या राजघराण्यातील एका उमरावास सहा कन्चेर्तो अर्पण केले. त्यांतील पाचवा अवश्य ऐकावा. आरंभी तंतुवाद्ये मिळून एक चाल वाजवितात. आपल्या भजनांतील ध्रुपदाप्रमाणे ती पुनःपुन्हा येते. मात्र कधी तोकडी, कधी निराळ्या स्वरावर. मधून व्हायोलिन व बासरी यांचा संवाद चालतो. पेटीही त्यात शिरते, हळूहळू चपळ होते. अखेर इतर सारी वाद्ये थांबतात आणि ती साथीदारीण सुमारे तीन मिनिटे एकटीच वाजत राहते!

आडोल्फ बुश यांच्या १९३५ च्या ध्वनिमुद्रिकेत तेथे पियानो आहे. वादन उत्तम, परंतु पियानोच्या भारदस्त आवाजामुळे साथीदार प्रथमपासूनच यजमान भासतो, म्हणून आम्हांस हार्प्सिकॉर्डच बरा वाटतो. पहिल्या खेपेस केवळ त्या पेटीचा माग धरावा. दुसऱ्या खेपेस ध्रुपद किती वेळा परतले ते मोजावे.