आकडे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरं! ‘आर’मध्ये हिशेब करताना ही चूक टाळा

बेळगाव : दूध संस्था असो की पतसंस्था, वहीतला हिशेब आता संगणकावर आला आहे. कॉलेजची पोरं अशाच फाइली ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बेरीज-सरासरी काढतात. पण रकान्यात आकडे दिसले म्हणून संगणक त्यांना आकडे मानतोच असं नाही. इथं चूक झाली तर उत्पादकाच्या बिलातच फरक पडतो.

समजा, एका उत्पादकाने तीन दिवस १२, ८ आणि १० लिटर दूध घातलं. चौथ्या दिवशी नोंद आहे ‘खाडा’. या एका शब्दामुळे अख्खा रकाना मजकूर ठरतो.

३० लिटरचे झाले १०

‘आर’च्या जुन्या आवृत्त्या असा रकाना आपोआप ‘फॅक्टर’ करत. म्हणजे नोंदी शब्दकोशासारख्या क्रमाने लावून प्रत्येकीला अनुक्रमांक द्यायचा. या क्रमात १० पहिला, १२ दुसरा, ८ तिसरा आणि ‘खाडा’ चौथा. त्यावर थेट ‘अॅज डॉट न्यूमेरिक’ ही आज्ञा दिली, की लिटरऐवजी अनुक्रमांकच हाती येतात : २, ३, १, ४. बेरीज १०. खाड्याच्या दिवशीही चार लिटर जमा! आणि पडद्यावर इशारा काहीच नाही.

२०२० मधल्या ४.० आवृत्तीपासून फॅक्टर आपोआप होत नाही. जुन्या साठवलेल्या फाइलींत मात्र तो असू शकतो. त्यामुळे आधी ‘अॅज डॉट कॅरेक्टर’ने मजकूर करावा, मगच आकडा. अनेक रकाने असतील तर ‘लॅप्लाय’ने एकदम करता येतं.

स्वल्पविरामाचा घोळ

‘१,२५०’ यातला स्वल्पविराम ‘आर’ला कळत नाही. तिथं ‘एनए’, म्हणजे माहिती नाही, असं येतं. देवनागरी अंक टाइप केले असतील तरी तेच. अशा वेळी इशारा येतो, पण बरेच जण ‘एनए’ वगळून सरासरी काढून मोकळे होतात. स्वल्पविराम हजाराच्या पुढेच लागतो. म्हणजे नेमकी मोठी बिलं गळतात आणि सरासरी खाली येते. ‘जीसब’ने स्वल्पविराम आधी काढावा.

रूपांतराआधी आणि नंतर ‘एनए’ किती, ते मोजावं. वाढले असतील तर त्या ओळी उघडून बघाव्यात. ‘खाडा’ला शून्य धरायचं की वगळायचं, हे संगणक नव्हे, हिशेब ठेवणारा ठरवतो.

सगळंच आकडा नसतं

खाते क्रमांक, सभासद क्रमांक, मोबाइल नंबर मजकूरच राहू द्यावेत. त्यांची बेरीज कुणी करत नाही. आकडा केला तर सुरुवातीचं शून्य उडतं, आणि ००४५ नंबरचा सभासद ४५ होऊन यादीत सापडेनासा होतो.