गिअर बॉक्समधून ऑइल गळतंय? जुन्या ओम्नीचे मागचे सील घरच्या घरी असे बदला

गास (ता. वसई) : गास, भुईगाव, उमराळे, नाळे या पट्ट्यात भाजी, फुलं, केळीची पानं बाजारात पोचवायला अजूनही जुनी मारुती ओम्नी कामाला येते. 1984 मध्ये आलेली ही व्हॅन कंपनीने 2019 मध्ये बंद केली. म्हणजे आज वाडीत उभी असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच. अशा गाड्यांची एक नेहमीची तक्रार म्हणजे सकाळी गाडी काढली की जमिनीवर तेलाचा डाग दिसतो. "थोडंसंच गळतंय" म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. पण तेल कमी होत गेलं की आतले बेअरिंग आणि गिअर कोरडे घासतात. सील ही स्वस्त वस्तू आहे. गिअर बॉक्स उघडायची वेळ आली की खर्च हजारांत जातो.

आधी गळती कुठली ते ओळखा

गाडीखालचा भाग रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या. रात्री खाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठल्या जागी पडला ते बघा.

- काळं आणि पातळ तेल : बहुधा इंजिन ऑइल.
- घट्ट, उग्र गंधकासारखा वास : गिअर ऑइल.
- गिअर बॉक्सच्या शेपटीला, जिथे प्रॉपेलर शाफ्ट आत जातो तिथे ओल : मागचे सील गेले. हे काम घरी जमते.
- इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडावरून थेंब : आतले सील. त्यासाठी गिअर बॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेटला तेल लागले की क्लच सरकतो. हे काम मेकॅनिकलाच द्यावे.
- मागच्या चाकाच्या आतून ओल : एक्सलचे सील किंवा ब्रेक ऑइल. ब्रेक लागणार नाही, म्हणून गाडी तिथेच थांबवावी.

सील का जाते?

सील म्हणजे लोखंडी कडीत बसवलेला रबरी ओठ. त्यामागची बारीक स्प्रिंग तो ओठ फिरत्या शाफ्टवर दाबून धरते. वर्षं गेली की उष्णतेने रबर कडक होतं. आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळ्यातलं तुंबलेलं पाणी यांची भर पडते. गाडी नुसती उभी राहिली तरी शाफ्टला गंज धरतो आणि तो गंज रबर कापतो. गिअर बॉक्सची हवा सोडणारी नळी मातीने बुजली असेल तर आतला दाब तेल बाहेर ढकलतो. म्हणून आधी ही नळी साफ करा. कधीकधी तेवढ्यानेच गळती थांबते.

काम कसे करावे

1) गाडी सपाट जागी उभी करा. आधी तेल भरायचा नट सैल होतो का ते बघा, मगच खालचा नट खोला. तेल काढून झाल्यावर वरचा नट निघाला नाही तर गाडी जागेवर अडकते.

2) पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागची चाकं उचलली आणि शाफ्ट काढला की हँडब्रेक किंवा गिअर गाडी धरत नाही. मागचा भाग जॅकने उचलून एक्सलखाली लोखंडी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

3) प्रॉपेलर शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलच्या जोडावर रंगाची खूण करा. बसवताना खुणेला खूण आली नाही तर गाडी थरथरू शकते. बोल्ट काढून शाफ्ट मागे ओढून घ्या.

4) जुने सील स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने उचका. घराच्या आतल्या भागाला ओरखडा पडू देऊ नका. जुन्या सीलवरचा नंबर दुकानात दाखवून तसेच सील घ्या.

5) शाफ्टचा गुळगुळीत भाग नखाने तपासा. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. नख अडकेल एवढी खाच असेल तर नवे सीलही टिकणार नाही; तो भाग बदलावा. शाफ्ट परत आत घालून वर-खाली हलवून बघा. जास्त हलला तर आतला बुश झिजलेला आहे. तेव्हा मेकॅनिकला दाखवा.

6) नव्या सीलच्या ओठाला गिअर ऑइल लावा. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. सीलच्या बाहेरच्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट ठेवून चारी बाजूंनी हलके ठोका. एकाच बाजूला ठोकले तर सील वाकडे बसते.

7) शाफ्ट खुणेवर बसवा, बोल्ट घट्ट करा, खालचा नट लावा, गाडी खाली घ्या. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच गिअर ऑइल नरसाळ्याला नळी लावून भरा. भरण्याच्या तोंडातून तेल ओघळू लागले की थांबा.

दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून पुन्हा खाली पुठ्ठा टाका.

निघालेले तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली होते. तसे पाणी लागलेल्या गाडीचे तेल लगेच बदलायला हवे.

जळके तेल बावखलात, विहिरीजवळ किंवा वाडीत ओतू नका. थोडेसे तेलही भरपूर पाणी खराब करते आणि तेच पाणी आपण भाजीला देतो. डब्यात साठवून ते जुने तेल घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.