अहमदाबादचा उदास सिंथेसायझर

सिंथेसायझर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ऐंशीच्या दशकातली डिस्को गाणी, नाहीतर लग्नातल्या ऑर्केस्ट्रामध्ये बासरीपासून ढोलकीपर्यंत सगळं एकट्यानं निभावणारा तो काळा कीबोर्ड! पण अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, म्हणजे एनआयडीत, १९६९ सालीच मूग सिंथेसायझर येऊन पोहोचला होता. त्यावर तयार झालेलं संगीत मात्र पन्नास वर्षं कुणाच्या कानावर पडलं नाही. ते २०२३ साली अल्बमच्या रूपात बाहेर आलं. नाव आहे, ‘द एनआयडी टेप्स : इलेक्ट्रॉनिक म्युझिक फ्रॉम इंडिया १९६९–१९७२’.

या कथेचा धागा पखवाज वाजवणाऱ्या एका स्त्रीपर्यंत जातो. साराभाई घराण्यातल्या गीताबेन १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तिथं संगीतकार जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीत शिकवलं. फी नाही, बदल्यात केजनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचं! ही ओळख टिकली. केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर पुढे अहमदाबादला आले आणि त्यांनीच एनआयडीतला स्टुडिओ उभा करून दिला.

हा मूग आजच्या कीबोर्डसारखा सुटसुटीत नव्हता. कपाटाएवढं धूड, त्यावर बटणं आणि भोकं, आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या या भोकातून त्या भोकात खोचायच्या वायरी. विजेचा दाब वाढवला की सूर चढतो, कमी केला की उतरतो. त्यात खोलीतलं तापमान बदललं की सूर हलायचा! तयार आवाज एकही नाही, प्रत्येक आवाज आपणच घडवायचा आणि टेपवर पकडायचा.

गीताबेन, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, अतुल देसाई आणि जिनराज जोशीपुरा यांनी या यंत्राशी झटापट केली. यातले अतुल देसाई म्हणजे कुमुदिनी लाखियांच्या कथक रचनांना पुढे संगीत देणारे. जोशीपुरा तर तेव्हा विद्यार्थी होते. स्टुडिओ काही वर्षांतच बंद पडला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांना त्या तिथं सापडल्या. २०२० मध्ये त्यांनी बीबीसी रेडिओसाठी यावर कार्यक्रम केला आणि मग हा अल्बम. चुंबकीय टेप काही अमर नसते. आणखी काही वर्षं कुणी त्या उघडल्या नसत्या तर?

आता ऐकायचं काय? सुरुवात माथुर यांच्या ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’पासून करा. तानपुऱ्याच्या अखंड षड्जावर आपले कान पोसलेले असतात. त्यामुळे न थांबणारा, न बदलणारा नाद आपल्याला परका वाटत नाही. पाश्चात्त्य श्रोत्याला जिथं कंटाळा येईल तिथं आपण सहज आत शिरतो. मग जोशीपुरांचं ‘स्पेस लायनर २००१’ लावा. माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमाराचं हे संगीत. नावातच पुढच्या शतकाचं स्वप्न आहे. शर्मांच्या ‘डान्स म्युझिक’मध्ये तोच तोच ठेका फिरत राहतो आणि आजच्या टेक्नोची आठवण होते. त्यांच्याच ‘आफ्टर द वॉर’ या नावापाशी मात्र मन थबकतं.

सगळंच उत्तम आहे असं म्हणणार नाही. काही तुकडे म्हणजे नव्या खेळण्याची नुसती चाचणी आहे, आणि ‘ओसाका एक्स्पो ७०’साठीचं ध्वनिमुद्रण ऐकायला धीर लागतो. चाल शोधायला जाल तर निराश व्हाल. भाजी निवडताना लावण्याचं हे संगीत नव्हेच. लावलंत तर घरातलं कुणीतरी हमखास विचारील, “रेडिओ बिघडला का?” रात्री सगळे झोपल्यावर, दिवा मालवून, कानाला हेडफोन लावून ऐका. एकाच बैठकीत सगळं संपवू नका. दोन-तीन रचना पुरे.

गीताबेन २०११ मध्ये गेल्या. हा अल्बम त्यांना पाहायला मिळाला नाही. त्यांची रचना तेवढी त्यात आहे. शर्मांच्या आधी की नंतर, हे तुम्ही ठरवा, पण ऐकायची राहू देऊ नका.