आभासी सृष्टीचें प्रदर्शन

संगणकाच्या प्रदर्शनांत डोळ्यांवर यंत्र चढवून उभें असलेलें मूल नसलेल्या पायरीवर पाऊल टाकूं पाहतें. या किमयेस ‘आभासी वास्तव’ म्हणतात. तिचें मूळ साधें आहे. मनुष्याचे दोन डोळे एकच वस्तु किंचित् भिन्न ठिकाणांहून पाहतात व मन त्यांवरून खोली ठरवितें. चार्ल्स व्हीटस्टन यांनीं इ. स. १८३८ मध्यें आरशांच्या यंत्रानें हें दाखविलें. पुढें १९६८ मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं त्यास संगणकाची जोड दिली. डोक्यावरच्या यंत्रांत प्रत्येक डोळ्यापुढें स्वतंत्र चित्र असे आणि मान वळतांच संगणक तें नव्या दिशेनें रेखाटी. तें यंत्र छतापासून टांगलेलें असे.

नाशिकास राहून दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ मध्यें ‘लंकादहन’ हा मूकपट काढला. पडद्यावर राम प्रकट होतांच प्रेक्षक नमस्कार करीत, असें सांगतात. परंतु त्या पडद्याला चौकट होती. मान वळविली कीं शेजारचा मनुष्य दिसे. नव्या यंत्रांत मान वळविली तरी चित्र संपत नाहीं. पाहणाऱ्यास वाटतें, आपण मुक्त आहोंत. पण कोणत्या दिशेस काय दिसावें हें रचणाऱ्यानें आधींच योजिलेलें असतें.

म्हणून अशा प्रदर्शनास मुलांना अवश्य न्यावें. मात्र ‘काय पाहिलेंस?’ एवढ्यावरच न थांबतां ‘तुला काय दाखविलें नाहीं?’ हेंहि विचारावें. नाहींशी झालेली चौकट मुलाच्या मनांत पुन्हा उभी करणें, हें पालकांचें व शिक्षकांचें काम होय.