बालकांचे हृदय आणि समाजाचा निधी

महोत्सवाच्या या अंकात हिशेब आणि आभार यांना जागा असणारच. पण एक-दोन पाने अशा विषयास द्यावीत, ज्यासाठी मदतीचा अर्ज येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, असे आम्हांस वाटले. तो विषय म्हणजे मुलांचे जन्मजात हृदयदोष.

दर हजार जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालके असा काही दोष घेऊन येतात. हृदयाच्या उजव्या बाजूचे अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे जाते आणि डाव्या बाजूचे शुद्ध रक्त शरीरास मिळते. मधल्या पडद्यास मोठे छिद्र असेल तर शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांतच शिरते. असे मूल दूध पिता पिता थांबते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो. याउलट अशुद्ध रक्त थेट शरीरात गेले तर ओठ व नखे निळी पडतात आणि चालते मूल खेळता खेळता दम लागून उकिडवे बसते. घरची वडील मंडळी यास दृष्ट लागली म्हणतात. त्यांच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही, पण मीठमोहऱ्या उतरून छिद्र बुजत नाही.

लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात, हेही खरे. मोठे छिद्र मात्र तसेच राहिले तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कठीण होत जातात, आणि पुढे ते बुजविणे हेच जिवावर बेतणारे ठरते. म्हणून ‘मूल जरा अंगाने भरू द्या, मग पाहू’ हा सल्ला डॉक्टरांनी स्वतः दिला नसेल तर मुळीच मानू नये.

ही शस्त्रक्रिया फार जुनी नाही. १९४४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. ब्लेलॉक यांनी एका निळ्या पडलेल्या बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया केली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची होती. तिची पद्धत प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसविली ती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने, ज्यास पैशाअभावी वैद्यकीय शिक्षण घेता आले नव्हते. त्या दिवशी तो ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून सूचना देत होता. त्याच विद्यापीठाने त्यास सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये!

आता आपल्याकडचे पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाला. मुंबईस जाताना आपली गाडी ज्या गावावरून जाते तेच हे पालघर. या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. अहमदाबादेस यू. एन. मेहता हृदयरोग संस्था आहे. नवी मुंबईत खारघर येथे सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. तेथे पैसे घेण्याची खिडकीच नाही. सुनील गावसकर यांनीही या कार्यास द्रव्यसाह्य केले आहे.

मग आपल्या निधीस काम काय उरले? आमच्या मते, पुष्कळ. उधना, लिंबायत, डिंडोली येथील खानदेशी कुटुंबांत बाप लूमवर जातो. खाडा पडला की मजुरी बुडते. शस्त्रक्रिया फुकट असली तरी गाडीभाडे, आईबापांचे राहणे-जेवण आणि घरी ठेवलेल्या दुसऱ्या लेकरांची पोटे फुकट नसतात. कित्येक मुले येथेच अडकतात.

शस्त्रक्रियेनंतरही काही दोषांत वर्षानुवर्षे तपासणी लागते, कारण दुरुस्त केलेली झडप पुढे गळू शकते. मूल फिरकलेच नाही तर त्याचे नुकसान होते, आणि कोणती पद्धत किती टिकली हे डॉक्टरांसही कळत नाही. संशोधनास देणगी म्हणजे प्रयोगशाळेस मोठी रक्कम, असे आपण समजतो. अहमदाबादच्या फेरतपासणीचे भाडे हीदेखील, आमच्या समजुतीप्रमाणे, संशोधनासच दिलेली देणगी होय.

यासाठी आमची सूचना आहे की, निधीतील पहिला पैसा ‘इको’ या हृदयतपासणीस द्यावा आणि तो मागण्यासाठी कागदपत्रांची चळत मागू नये, म्हणजे रोजंदारीवरील बापास ‘पुढच्या पगारानंतर बघू’ असे म्हणावे लागणार नाही.